शून्य क्रमांकाची ताटली

मित्रांनो, मी एक जुनी ताटली आहे. स्टीलची, काठ थोडा उचललेला, एका माणसाच्या एका वेळच्या जेवणापुरती. दिसायला मी चारचौघींसारखीच आहे. फक्त माझ्या काठावर एक लहानसा गोल कोरलेला आहे, आणि पाहणाऱ्यांना तो हमखास नक्षी वाटतो. तो नक्षी नाही, माझा क्रमांक आहे. माझा क्रमांक शून्य. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या वाट्याला जे दुःख आले आणि जे थोडेफार सुख आले, ते सारे या एका गोलापायी आले.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याच्या भल्या मोठ्या गुंडाळीतून गोल चकत्या कापल्या गेल्या, त्यातली एक मी. मग यंत्राने एकाच दणक्यात माझा काठ उचलला, आणि मला घासूनपुसून अशी चकचकीत केली की स्वतःलाच पाहत बसावे. खोक्यात आम्ही चाळीस जणी होतो. कुणात काही फरक नव्हता, त्यामुळे कुणाचे कुणाशी भांडणही नव्हते.

भांड्यांच्या दुकानात आम्हाला एक मास्तर घ्यायला आले. ते प्रोग्रामिंग शिकवीत. त्यांच्या वर्गात दुपारचे जेवणही मिळे, म्हणून त्यांना ताटल्या हव्या होत्या. दुकानात भांड्यांवर नाव घालणारा कारागीर बसला होता. त्याने आपले गुणगुणणारे यंत्र हातात घेतले आणि विचारले, "नाव काय घालू?"

"नाव नको, नंबर घाला. शून्यापासून एकोणचाळीसपर्यंत."

"शून्य कशाला? सरळ एक ते चाळीस म्हणा की."

"आमच्याकडे मोजणी शून्यापासून होते," मास्तर म्हणाले.

कारागिराने खोक्याचे झाकण उघडले. "मला काय," तो म्हणाला, "गोल काढायला सोपाच असतो." आणि हाताशी जी आली तिच्यावर त्याने गोल काढला. ती मी होते. मी चकत्यांत पहिली कापली गेले नव्हते की खोक्यात सर्वांत वर नव्हते. हाताशी आले, एवढेच.

शून्यापासून का मोजायचे, ते मला पुढे मास्तरांच्या शिकवण्यातूनच कळले. कॉम्प्युटरच्या आत एका ओळीत जागा असतात. ओळीच्या तोंडाशी तुम्ही उभे आहात असे समजा. दुसऱ्या जागेवर जायला एक पाऊल लागते, तिसऱ्या जागेवर जायला दोन. पहिल्या जागेवर जायला एकही पाऊल लागत नाही, तुम्ही तिथेच असता. म्हणून पहिली जागा शून्य. हे ऐकून मला फार बरे वाटले. शून्य म्हणजे काही नाही असे नव्हे, शून्य म्हणजे सर्वांत जवळ.

मास्तरांचा वर्ग एका जुन्या इमारतीत शिंप्याच्या दुकानावर होता. एका खोलीत कॉम्प्युटर, एका खोलीत लांब टेबल, आणि मधल्या खिडकीतून जोडलेले स्वयंपाकघर. पहिल्या वर्षी विद्यार्थी एकोणचाळीस होते, मास्तर धरून चाळीस. आम्ही सगळ्या जणी नंबराने एकीवर एक रचलेल्या असायचो, एकोणचाळीस वर आणि मी सगळ्यात खाली. पहिल्याच दिवशी मास्तर सगळ्यांना टेबलापाशी घेऊन आले आणि आमच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "याला स्टॅक म्हणतात. जी शेवटी ठेवली ती आधी निघते. मधली ओढायची नाही." एका मुलीने विचारले, "मग सगळ्यात खालची?" मास्तर म्हणाले, "तिने वाट बघायची."

तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही, कारण वाट फार बघावी लागत नसे. जो सर्वांत शेवटी जेवायला येईल त्याला मी मिळणार, हे ठरलेले होते. आणि सर्वांत शेवटी नेहमी मास्तरच येत. विद्यार्थी जेवून उठले की ते हात पुसत यायचे, रिकाम्या टेबलावर मी एकटीच त्यांची वाट पाहत असायचे. ते जेवायचे कमी आणि विचार जास्त करायचे. वाटाण्याचे दाणे माझ्या काठाने ओळीत मांडायचे, दोन शेजारी बघायचे, मोठा पुढे सरकवायचा, लहान मागे. पूर्ण ओळ लहानमोठी लागली की मगच एकेक दाणा तोंडात टाकायचे. भात गार होऊन जायचा. अशा रीतीने मी आयुष्यभराचे शिक्षण घेतले. अल्गोरिदम म्हणजे काम करायची पायरीपायरीची रीत, आणि डेटा स्ट्रक्चर म्हणजे वस्तू ठेवायची रीत. ठेवण चुकली तर पुढची रीत कितीही हुशार असो, उपयोग नाही. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही, माझ्या अंगावर मांडलेले आहे.

ती चार-पाच वर्षे माझी चांगली गेली. पुढे लोक घरबसल्या पडद्यावर शिकू लागले. विद्यार्थी एकोणचाळीसाचे तीस झाले, तिसाचे अठरा, अठराचे अकरा. वरच्या अकरा-बारा ताटल्या रोज बाहेर पडत आणि घासून परत वरच येत. माझ्यापर्यंत हात पोहोचेना. मास्तर अजूनही शेवटी जेवत, पण आता शेवटच्या माणसाच्या वाट्याला अठ्ठावीस नंबर येई. माझ्या अंगावर कायमचे सत्तावीस जणींचे ओझे, आणि अंधार. वरच्यांवर ओरखडे पडले, पोचे आले. मी मात्र कारखान्यातून आल्यासारखी चकचकीत राहिले. कुणी मला पाहिले असते तर म्हटले असते, किती जपून ठेवलेली आहे. जपून नव्हे, विसरून ठेवलेली होते.

याहून वाईट दिवस यायचे होते. जुना स्वयंपाकी गेला आणि मावशी आल्या. मावशी कामाला चोख आणि स्वभावाने अतिशय सरळ. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळी भांडी खाली काढून मोजली. ताटल्या भरल्या चाळीस. मग त्यांनी सर्वांत मोठा नंबर पाहिला, तर तो एकोणचाळीस. त्यांनी दोनदा मोजले. मग नंबराने सगळ्या लावल्या: एक, दोन, तीन, असे थेट एकोणचाळीसपर्यंत सगळे जागेवर होते. उरले मी. माझ्या काठावर त्यांना नंबर दिसेना, नुसती नक्षी दिसली.

"एक ताटली जास्तीची आहे," मावशी स्वतःशीच म्हणाल्या. "कुणाची तरी इकडे आलीय."

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू वापरणाऱ्यांपैकी मावशी नव्हेत. त्या मला घेऊन खाली शिंप्याकडे गेल्या. शिंपी म्हणाला, आमची नाही. समोरच्या दातांच्या दवाखान्यात गेल्या, तेही नाही म्हणाले. पहारेकऱ्याने मला उलटसुलट करून पाहिले आणि परत दिले. त्या दिवशी माझ्याच घराच्या जिन्यावर मी दारोदार फिरले आणि प्रत्येकाने मला नाही म्हटले. शेवटी, मालक येईपर्यंत असू दे, म्हणून मावशींनी मला पाण्याच्या फिल्टरखाली ठेवले. त्याची तोटी गळत होती.

चार वर्षे मी तिथे होते. थेंब पडायचा, मग बऱ्याच वेळाने दुसरा पडायचा. भरले की मावशी मला मोरीत रिकामी करून परत ठेवायच्या. समोरच्या फळीवर माझ्या एकोणचाळीस बहिणी होत्या आणि मधल्या खिडकीतून जेवणाचे टेबल दिसायचे. मास्तर यायचे, वरची ताटली उचलायचे, जेवायचे. माझ्यापासून ते सात पावलांवर बसत. दाणे मांडायचे मात्र त्यांनी सोडून दिले होते. मला वाटायचे, यांनी एकदा मान वळवावी. एकटेपणा म्हणजे कुणी नसणे, असे मी आधी समजत होते. सगळे समोर असून आपण मोजणीत नसणे हा त्याहून मोठा एकटेपणा आहे, हे मला त्या फिल्टरखाली कळले.

मग काकू आल्या. त्या कुणाच्या काकू नव्हत्या. वर्गातली बाकीची मुले विशीतली आणि ह्या शेहेचाळीस वर्षांच्या, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांचे नाव काकू पडले. त्यांनी एका कचेरीत बावीस वर्षे टायपिंग केले होते आणि मग तो विभागच बंद झाला होता. बोटे अशी चालत की शेजारची मुले आपले काम सोडून बघत राहत. पण जेवताना मुले घोळका करून एका टोकाला बसत आणि काकू दुसऱ्या टोकाला. मुले वाईट नव्हती. काकूंशी काय बोलायचे हे त्यांना सुचत नसे, आणि काकूंनाही सुचत नसे. जेवण झाले की त्या उठून स्वयंपाकघरात येत आणि मावशींना भांडी पुसू लागत.

एकदा मावशींनी विचारले, "एवढा जीव काढता, पास झालात तर मिळणार काय?"

"एका मोठ्या दवाखान्याच्या नोंदणी विभागात जागा आहे," काकू म्हणाल्या. "एकच आहे. ती मिळाली तर एक खोली घेईन. लहान का असेना, माझी."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर आहेच दादाचं घर. दादा-वहिनी वाईट नाहीत, मावशी. कपाटातला एक कप्पा दिलाय मला. पण तीन वर्षं झाली, वहिनी अजून मला चहा विचारून देते. घरच्या माणसाला कुणी विचारतं का?"

मावशींनी पुसलेली ताटली फळीवर ठेवली. मला मात्र फिल्टरखाली सगळे समजले. मीही त्या घरात चार वर्षे पाहुणीच होते.

परीक्षा आठ दिवसांवर आली तेव्हा काकूंचे घोडे एका ठिकाणी अडले. यादीतून नाव शोधून देणारा प्रोग्राम लिहायचा होता. काकूंनी तो महिनाभरापूर्वीच लिहिला होता, दहा वेळा तपासला होता, त्यांच्या यादीवर तो अचूक चालत होता. मास्तरांनी आपली यादी दिली, तर पहिलेच नाव शोधायला सांगितल्यावर पडद्यावर उत्तर आले, सापडले नाही. नाव डोळ्यांसमोर होते आणि प्रोग्राम म्हणत होता सापडले नाही. काकूंनी परत आपली यादी घातली. सगळी नावे सापडली. परत मास्तरांची घातली, पहिले नाव गायब.

"सर, माझ्या यादीवर चालतोय," काकू रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

"म्हणजे चूक तुमच्या यादीतही आहे," मास्तर म्हणाले. "मी सांगितलं तर आज सुटेल, परीक्षेत परत होईल. कॉम्प्युटर बंद करा. ताटल्या मांडा टेबलावर, नंबराने. भिंतीवर माझा जुना कागद आहे, त्यात किती जागा आहेत ते बघा आणि तशा मांडा."

भिंतीवरच्या पिवळ्या पडलेल्या कागदावर मास्तरांनी पहिल्या वर्षी चौकोनांची एक ओळ काढली होती आणि खाली लिहिले होते, एकूण जागा चाळीस. दुपारी वर्ग रिकामा झाल्यावर काकू आणि मावशींनी लांब टेबलावर ताटल्या मांडल्या. मांडून झाल्यावर काकूंनी एक कागद घेतला, त्यावर सुबक अक्षरात 'ताटल्या' असे लिहिले, खाली दोन रेघा ओढल्या आणि तो एक नंबरच्या ताटलीच्या आधी ओळीच्या तोंडाशी ठेवला. मग कागदासकट मोजले. चाळीस भरले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. बावीस वर्षे त्यांनी हजारो याद्या टाइप केल्या होत्या, आणि प्रत्येक यादीची पहिली ओळ मथळ्याची असते. यादी म्हटली की वर मथळा हवाच, हे त्यांच्या बोटांतच मुरले होते.

मास्तर आले. त्यांनी त्या कागदावर बोट ठेवले.

"यात जेवता येईल का?" त्यांनी विचारले.

"कशात, सर?"

"या कागदात. चाळीस जागा म्हणजे चाळीस माणसं जेवायची होती." मग ते हळू आवाजात म्हणाले, "चाळीस होत्या खऱ्या. एक हरवली. पहिलीच हरवली." आणि ते आपल्या खोलीत निघून गेले.

मित्रांनो, त्या वेळी मला तोंड असते तर मी ओरडले असते. चार वर्षांनी माझ्या नावाचा उल्लेख झाला होता आणि तोही हरवलेली म्हणून. मी सात पावलांवर होते.

काकू ओळीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. "पहिली कशी हरवेल?" त्या पुटपुटल्या. "एक नंबर तर ही समोर आहे." त्यांनी एक नंबर उचलून पाहिली, परत ठेवली. मावशी म्हणाल्या, "हरवली नाही काही. एकोणचाळीसच आहेत पहिल्यापासून. उलट एक जास्तीची आली होती." तेवढ्यात माझ्यात एक थेंब पडला. रोजचाच थेंब, पण खोली शांत होती आणि तो ऐकू आला.

काकूंनी मान वळवली.

"ती जास्तीची, तीच का?" त्यांनी विचारले.

"हो, कुणाची आहे कोण जाणे. नंबर नाही तिला, नक्षी आहे."

काकू आत आल्या. त्यांनी मला उचलले, पाणी मोरीत ओतले, फडक्याने पुसले आणि खिडकीच्या उजेडात धरले. मग एक बोट माझ्या काठावरच्या गोलावरून हळूहळू फिरवले. किती वर्षांनी मला कुणी अशा तऱ्हेने हात लावला होता. मी स्टीलची आहे म्हणून नीट राहिले.

"बाकीच्यांना नक्षी आहे का, मावशी?"

मावशींनी दोन-चार ताटल्या बघितल्या. "नाही."

"मग हिला एकटीलाच कशी असेल?" काकू टेबलापाशी गेल्या. त्यांनी तो सुबक अक्षरातला कागद काढला आणि त्याच्या जागी मला ठेवले. "नक्षी नाही ही. शून्य आहे. ही पहिली." आणि मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "माझा प्रोग्राम पहिली ओळ मथळा समजून सोडून देतो. तिथे माणूस आहे."

त्या धावतच कॉम्प्युटरच्या खोलीत गेल्या. अर्ध्या तासाने बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. प्रोग्रामने पहिले नाव शोधून दिले होते. फिल्टरचे पाणी तोवर जमिनीवर सांडत होते आणि मावशींना त्याची शुद्ध नव्हती. त्या माझ्याकडे बघत खुर्चीवर बसून होत्या. "चार वर्षं," त्या म्हणाल्या. "घरचीला मी चार वर्षं परकी म्हणून ठेवलं."

मास्तर जेवायला आले तेव्हा काकूंनी मला त्यांच्यासमोर मांडले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "ही माझी ताटली," ते म्हणाले. "मला वाटलं हरवली. एका ताटलीसाठी कुणाला काय विचारायचं, म्हणून बोललो नाही." एकाला वाटले हरवली, एकीला वाटले जास्तीची, आणि दोघांनी एकमेकांना विचारले नाही. मला त्या दिवशी दोघांचाही राग आला. खोटे कशाला सांगू? पण जेवता जेवता मास्तरांनी वाटाण्याचे चार दाणे काठाने मांडले आणि माझा राग निम्म्यावर आला.

परीक्षा त्याच लांब टेबलावर झाली. दवाखान्याच्या नोंदणी विभागाच्या प्रमुखबाई स्वतः आल्या होत्या. तिघे उमेदवार होते आणि जागा एक. बाईंनी आपली यादी दिली आणि शेवटचे नाव शोधायला सांगितले, मग मधले, मग पहिले. तिघांनाही तिन्ही नावे सापडली. मी खिडकीतून ऐकत होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता. मग बाईंनी तिघांनाही एकच प्रश्न विचारला, "तुमच्या प्रोग्राममधली सगळ्यात महत्त्वाची ओळ कुठली?" एकाने वेगाची ओळ दाखवली. दुसऱ्याने शोध थांबण्याची दाखवली. काकूंनी, जिथून मोजणी सुरू होते, ती ओळ दाखवली.

"ती का?" बाईंनी विचारले.

"दवाखान्यात सकाळी सगळ्यात आधी जो येतो, त्याचं नाव पहिलं असतं," काकू म्हणाल्या. "तो घरून अंधारात निघालेला असतो. एक महिनाभर माझा प्रोग्राम रोज त्यालाच सोडून देत होता, आणि मला वाटत होतं सगळं बरोबर चाललंय."

जागा काकूंना मिळाली.

जाण्याच्या दिवशी त्या मावशींपाशी आल्या आणि म्हणाल्या, "घासलेल्या ताटल्या वर ठेवू नका, चवडीच्या खाली घाला. म्हणजे सगळ्यांची पाळी येईल."

"आणि रोज चवड उचलायला कंबर कुणाची?" मावशी म्हणाल्या. "तुम्ही येणार का?"

काकूंनी जरा विचार केला आणि मग दोन चवडी करून दाखवल्या. एकीवरून घ्यायच्या, घासलेल्या दुसरीवर ठेवायच्या. पहिली संपली की दुसरीतल्या एकेक करून पहिलीच्या जागी. ओझे उचलणे नाही आणि कुणी कायमची तळाला नाही. मावशींनी ते दोनदा करून पाहिले आणि मान्य केले. तेव्हापासून तीन-चार दिवसांनी का होईना, माझी पाळी येऊ लागली. पण काकू गेल्या होत्या. टेबलाचे ते टोक रिकामे असायचे, आणि मला वाटायचे की त्यांच्या नव्या खोलीत कुणी त्यांना चहा विचारतही नसेल.

वर्षभराने मास्तरांचे डोळे अधू झाले आणि वर्ग बंद झाला. ताटल्या मुलींच्या एका वसतिगृहाला द्यायचे ठरले. न्यायला आलेल्या माणसाच्या कागदावर लिहिले होते, एक ते एकोणचाळीस. कुणी लिहिले होते कोण जाणे. त्याने नंबर बघून बघून सगळ्या भरल्या आणि मला फळीवर सोडून तो जिना उतरला. मला नवल वाटले नाही. रिकाम्या स्वयंपाकघरात मी एकटी उरले, तोटीचा थेंबही तेव्हा बंद झाला होता.

दोन दिवसांनी दार उघडले. मास्तर चावी परत करायला आले होते आणि काकू त्यांना निरोप द्यायला. "सर, एक मागू?" काकू म्हणाल्या. "वसतिगृहाच्या ताटल्यांतली एखादी मिळेल का?" मास्तर म्हणाले, "त्या गेल्या सगळ्या." काकूंनी सवयीने फळीकडे पाहिले. मग दोघेही माझ्याकडे बघत राहिले. मास्तरांनी मला उचलून एकदा हातात तोलले आणि काकूंच्या पिशवीत ठेवले. "न्या," ते म्हणाले. "मला आता सून वाढून देते."

मित्रांनो, आता मी काकूंच्या खोलीत असते. खोली एक, खिडकी एक, आणि भांड्यांच्या रॅकमध्ये सहा खाचा आहेत. त्यातल्या पाच रिकाम्या. इथे मी स्टॅक आहे की रांग, हा प्रश्नच नाही. एकच ताटली असली की पहिली तीच आणि शेवटची तीच. काकू कामावरून आल्या की माझ्यात वाढून घेतात, भिंतीकडे तोंड करून जेवतात, मला लगेच घासतात, पुसतात आणि खाचेत ठेवतात. मग खोलीत फार शांतता असते. खोली त्यांची स्वतःची आहे आणि त्यात त्या एकट्या आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

एकदा दादांनी फोनवर सांगितले, रविवारी जेवायला येतो. काकू दुसऱ्याच दिवशी नवी ताटली घेऊन आल्या आणि तिच्यावर त्यांनी कोरून आणले होते: एक. रविवारी दादांचा फोन आला, जमत नाही. पुढच्या रविवारीही जमले नाही. नवी ताटली माझ्या शेजारच्या खाचेत उभी असायची, कोरी करकरीत. ती मला विचारी, आपली पाळी कधी? मी तिला काय सांगणार? मास्तर पहिल्या दिवशी जे म्हणाले होते तेच सांगत असे, वाट बघायची.

मग एका रविवारी दार वाजले. बाहेर मावशी होत्या. त्यांनी काकूंचा पत्ता मास्तरांच्या सुनेकडून मिळवला होता. आत येऊन त्यांनी खोली पाहिली, खिडकी पाहिली आणि सवयीने थेट भांड्यांच्या रॅकपाशी गेल्या. त्यांनी नव्या ताटलीवरचा नंबर बोटाने चाचपला.

"आकडा एक, आणि ताटल्या दोन," मावशी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या. "एक कुणाची तरी इकडे आलीय वाटतं."

काकूंच्या हातातला चमचा खाली पडला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला नीट दिसले नाही, कारण मावशींनी तेवढ्यात मला उचलले होते.

"दोन्ही आपल्याच आहेत, मावशी," काकू म्हणाल्या.

"मग जेवायला ही मला दे," मावशी म्हणाल्या. "हिला मी चार वर्षं गळक्या तोटीखाली ठेवलंय." पूर्वी त्या काकूंना अहोजाहो करीत. त्या दिवशी करायचे विसरल्या. काकूंनी त्यांना चहा हवा का असे विचारले नाही. सरळ ठेवला.

मित्रांनो, मी काही शहाणी नाही, ताटली आहे. पण जन्मभर मोजणी पाहिली म्हणून एवढे सांगावेसे वाटते. तुमच्या घरात, वर्गात, कामाच्या जागी कधी हिशेबात एक जास्तीचा निघाला, किंवा एक हरवला असे वाटले, तर लगेच कागद मिटू नका. शेजारच्या माणसाला एकदा विचारा. आणि मोजताना जिथून सुरुवात करता, त्याच्या मागे कुणी उभे नाही ना, ते वळून बघा.

आज परत रविवार आहे. काकूंनी आम्हा दोघींना घासून टेबलावर मांडले आहे, आणि जिन्यावर मावशींची पावले वाजत आहेत.